‘जणू’ आला की उत्प्रेक्षा?

गुहागरहून एका पालकांनी विचारलं आहे: मुलीच्या वहीत ‘झावळी फणीसारखी आहे’ ही उपमा, ‘झावळी म्हणजे जणू फणीच’ ही उत्प्रेक्षा आणि ‘झावळीच्या फणीने वारा विंचरला’ हे रूपक, असं लिहिलं आहे. तिन्हींत झावळी आणि फणीच आहे, मग अलंकारांची नावं तीन कशाला? आणि ‘जणू’ आला की उत्प्रेक्षा म्हणून मोकळं व्हायचं का?

वहीतलं उत्तर बरोबर आहे. ‘जणू’वर विसंबणं मात्र बरोबर नाही.

ज्याचं वर्णन चाललं आहे ते उपमेय, इथे झावळी. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, म्हणजे फणी. दोघींना एका ओळीत सुटे दाते आहेत, हा साधारण धर्म. आणि ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. ‘झावळी फणीसारखी दातेरी आहे’ यात चारही उघड आहेत, म्हणून ती पूर्णोपमा. वहीतल्या वाक्यात ‘दातेरी’ गाळलंय, त्यामुळे ती लुप्तोपमा.

आता तीन नावांचं कारण. उपमेत झावळी झावळीच राहते आणि फणी फणीच. उत्प्रेक्षेत सांगणारा झावळीच्या जागी फणी कल्पतो, पण ही कल्पना आहे याचं भान सोडत नाही. ते भान ‘जणू’मध्ये असतं. रूपकात भेदच उरत नाही, फणी थेट कामाला लागते. त्याही पुढे जाऊन ‘ही झावळी नव्हे, फणीच’ म्हटलं तर उपमेय नाकारलं गेलं, ती अपन्हुती.

जणू, गमे, वाटे, भासे ही यादी पाठ करणारी मुलं फसतात ती इथे: ‘मला वाटतं, सांजेपर्यंत होड्या परततील.’ यात ‘वाटतं’ आहे, पण उपमानच नाही. हा साधा अंदाज. तसंच ‘देवगडचा हापूस रत्नागिरीच्या हापुसासारखाच गोड आहे’ यात ‘सारखा’ असूनही उपमा नाही, कारण तुलना हापुसाची हापुसाशीच झाली. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात उपमेची व्याख्या ‘साधर्म्यमुपमा भेदे’ अशी केली आहे: साम्य हवं, पण दोन वेगळ्या वस्तूंमधलं. याच कारणाने ‘झावळी खराट्यासारखी आहे’ ही उपमा मला कच्ची वाटते. खराटा बांधतात तोच मुळी झावळीच्या हिरांचा! फणी दूरची वस्तू, म्हणून ती आठवली की झावळीचे दाते नव्याने दिसतात.

खरी अडचण सामासिक शब्दांत येते, कारण तिथे ना ‘सारखा’ असतो ना ‘जणू’. ‘मुखकमल’ म्हणजे कमळासारखं मुख, की मुख हेच कमळ? विग्रह दोन्ही होतात. निवाडा क्रियापदाने करावा. ‘मुखकमल हसलं’ यात हसणं मुखाचं आहे, म्हणून उपमा. ‘मुखकमल उमललं’ यात उमलणं कमळाचं, म्हणून रूपक.

हीच कसोटी स्वतः लिहिताना फार उपयोगी पडते. ‘झावळीच्या फणीने वारा विंचरला’ हे रूपक टिकतं, कारण विंचरणं फणीचंच काम. ‘झावळीची फणी वाळून गळली’ म्हटलं की ते कोसळतं. वाळली ती झावळी, फणी नुसती नावाला उरली. ‘जणू फणीसारखी’ हेही टाळावं. साम्य सांगायचं की कल्पना करायची, ते आधी ठरवावं.

परीक्षेत कारण लिहिताना ‘जणू हा शब्द आला म्हणून’ एवढ्यावर थांबू नये. ‘झावळी हे उपमेय जणू फणी हे उपमानच आहे अशी कल्पना केली आहे, म्हणून उत्प्रेक्षा’ असं दोघींची नावं घेऊन लिहावं.