घातपाताचा कट उधळण्याच्या हेरकथेत खरा थरार कुठे असतो?

तुम्ही दिवाळी अंकासाठी हेरकथा लिहिताय. कट रचणारे देशातच वाढलेले तरुण आहेत, आणि शेवटच्या सेकंदाला लाल वायर कापायची की निळी, हा प्रकार टाळून वाचकाला कसं धरून ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं असं की आरोपींना कधी उचलायचं, या एका निर्णयावर सगळी कथा उभी करा. लवकर उचललं तर कोर्टात सुटतात, उशीर झाला तर माणसं मरतात. मी या विषयावर बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलोय आणि ब्रिटनमधल्या दोन प्रकरणांत ही ओढाताण मला सर्वांत स्पष्ट दिसली.

जून 2006 मध्ये अब्दुल्ला अहमद अली नावाचा लंडनचा तरुण पाकिस्तानातून परतला. हीथ्रो विमानतळावर त्याच्या नकळत त्याची बॅग उघडून पाहिली गेली. आत निघाली टँगची पावडर आणि भरपूर बॅटऱ्या. यात गुन्हा कोणता? टँग तर आपल्याकडेही घरोघरी असायचं. पण बघणाऱ्यांना ते खटकलं. बॅग होती तशी बंद झाली आणि त्याच्यावरची पाळत वाढली.

पुढचे आठवडे एमआय5 ही गुप्तचर संस्था आणि लंडनचे पोलीस फक्त बघत राहिले. अलीचा साथीदार असद सरवर हाय विकम्बचा. तो हायड्रोजन पेरॉक्साइड जमवत होता, ज्यापासून स्फोटक बनवता येतं. वॉल्थमस्टो भागात फॉरेस्ट रोडवर त्यांचा एक फ्लॅट होता. तिथे गुपचूप शिरून कॅमेरा आणि मायक्रोफोन बसवण्यात आले. ऑगस्टच्या सुरुवातीला अली आणि तन्वीर हुसेन शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर काहीतरी काम करताना दिसले. मग अली एका इंटरनेट कॅफेत बसून विमानांची वेळापत्रकं बघत राहिला, तेही पाळतीवरच्या माणसांनी टिपलं. बाटल्या, बॅटऱ्या, वेळापत्रकं, सगळं एका ओळीत आलं. हीथ्रोहून अमेरिका आणि कॅनडाला निघालेली विमानं आकाशात उडवायची होती. पुढे अलीजवळच्या मेमरी स्टिकवर अशा सात विमानांचा तपशील मिळाला.

तुमचा नायक आता या टेबलापाशी बसवा. त्याला थांबायचंय. एकही बॉम्ब पुरा झालेला नाही, एकही तिकीट काढलेलं नाही. आज धरलं तर वकील म्हणेल, बाटल्या आणि टँग ठेवणं हा गुन्हा आहे का? शिवाय साखळीतली आणखी माणसं अजून अंधारात आहेत. दुसरीकडे अमेरिकेला एक दिवसही थांबायचं नाही, कारण विमानं त्यांची आणि बरेचसे प्रवासीही त्यांचेच. दोन्ही बाजू बरोबर आहेत. खलनायक फ्लॅटमध्ये आहे, पण जीवघेणा वाद मित्रांमध्येच चाललाय. असा पेच कथेला फुकट मिळत नाही.

शेवटी निर्णय लंडनच्या हातात राहिलाच नाही. 9 ऑगस्टला या कटाचा दुवा असलेला रशीद रौफ पाकिस्तानात पकडला गेला. ही बातमी लंडनच्या पोरांपर्यंत पोहोचली असती तर एक तर सगळं नष्ट झालं असतं, नाहीतर हाताशी असेल ते घेऊन ते निघाले असते. त्याच रात्री धरपकड झाली. अली आणि सरवर वॉल्थमस्टोच्या टाउन हॉलच्या वाहनतळावर सापडले. त्याच दिवशी फ्लॅटमध्ये त्यांच्यातला एक जण कॅमेऱ्यासमोर आपला अखेरचा संदेश रेकॉर्ड करत होता, आणि छुपा मायक्रोफोन ते ऐकत होता. पोलिसांच्या दहशतवादविरोधी विभागाचे तेव्हाचे प्रमुख पीटर क्लार्क यांनी नंतर जाहीरपणे लिहिलं की रौफच्या अटकेमुळे त्यांना घाईघाईत पावलं उचलावी लागली.

10 ऑगस्टच्या सकाळी ब्रिटनच्या विमानतळांवर हातातलं सामान बंद झालं. तान्ह्या बाळासाठी दूध न्यायचं असेल तर आईला ते आधी स्वतः चाखून दाखवावं लागलं. महिन्यापूर्वीच, 11 जुलैला, आपल्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. त्या दिवसांत हीथ्रोची ही बातमी वाचताना पोटात गोळा आला होता. 100 मिलीलीटरच्या बाटल्यांचा नियम याच कटातून आला. लेकीकडे लंडनला निघालेल्या आईचं तूप आजही विमानतळावर हातातल्या बॅगेतून बाहेर काढलं जातं, ते याच फ्लॅटमधल्या बाटल्यांमुळे.

घाईची किंमत कोर्टात मोजावी लागली. 2008 च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने तिघांना खुनाच्या कटाबद्दल दोषी धरलं, पण विमानं हेच लक्ष्य होतं यावर एकमत झालं नाही. पुन्हा खटला चालवावा लागला. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाच्या आदेशाने याहूकडून त्यांचे ईमेल मिळाले. त्यात सांकेतिक भाषा होती. आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की हे लोक ‘त्वचेच्या संसर्गा’बद्दल लिहीत. सप्टेंबर 2009 मध्ये तिघे विमानांच्या कटातही दोषी ठरले. जन्मठेपेत किमान तुरुंगवास अलीला 40, सरवरला 36 आणि हुसेनला 32 वर्षं. रौफ मात्र डिसेंबर 2007 मध्येच पाकिस्तानी पोलिसांच्या ताब्यातून निसटला होता, वाटेत नमाजासाठी मशिदीत थांबले असताना. हे कथेत घातलंत तर संपादक म्हणेल, पटत नाही.

दुसरं प्रकरण 2004 चं, आणि मला ते जास्त अस्वस्थ करतं. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेल इथे भाड्याने खोल्या देणारं एक गोदाम होतं. कोणीतरी तिथे 600 किलो अमोनियम नायट्रेट खत आणून ठेवलं, ज्यापासून बॉम्बही बनवता येतो. शहरात राहणाऱ्या माणसाला एवढं खत कशाला, असा प्रश्न तिथल्या कर्मचाऱ्यांना पडला आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी गुपचूप खत बदलून त्या जागी निरुपद्रवी माल ठेवला, आणि स्वागतकक्षात कर्मचारी म्हणून एक महिला अधिकारी बसवली. मार्च 2004 अखेरीस टोळी पकडली गेली. 2007 मध्ये पाच जणांना जन्मठेप झाली. कट उधळला. कथा इथे संपवता येईल.

पण याच पाळतीत टोळीच्या म्होरक्याला भेटायला येणारी दोन माणसं दिसली होती. त्यांचे फोटो काढले गेले, त्यांच्या गाडीचा यॉर्कशायरपर्यंत पाठलागही झाला. ते या कटात नाहीत, दुय्यम आहेत, असं ठरवून त्यांच्यावरची माणसं काढून घेतली गेली. ते होते मोहम्मद सिद्दीक खान आणि शहझाद तन्वीर. 7 जुलै 2005 ला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये जे चार आत्मघाती हल्लेखोर शिरले, त्यांतले हे दोघे. 52 माणसं गेली. पुढच्या न्यायालयीन चौकशीत त्या जुन्या फोटोंच्या, ओळख पटवण्यासाठी केलेल्या पण वाईट कातरलेल्या प्रतींवर कडक टीका झाली.

माणसं का काढली, हे समजून घ्यायला एक आकडा पुरतो. नोव्हेंबर 2006 मध्ये एमआय5 च्या प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी सांगितलं होतं की सुमारे 200 गट आणि 1,600 हून जास्त माणसं त्यांच्या नजरेखाली आहेत. एका माणसावर चोवीस तास पाळत ठेवायची तर पाळ्या लावून मोठी फौज लागते. म्हणजे रोज कोणाला तरी सोडावंच लागतं, आणि यादीवर सही करणाऱ्याचं नाव असतं.

म्हणून माझा आग्रह असा, की तुमच्या कथेत कट उधळल्यानंतरही काही पानं शिल्लक ठेवा. नायकाने पहिल्या भागात ‘दुय्यम’ असा शेरा मारून एक फाईल बाजूला ठेवलेली असू दे. वाचकाला तेव्हा तो शेरा पूर्ण पटला पाहिजे. आणि हॅनवेलच्या स्वागतकक्षासारखी एखादी खुर्ची जरूर ठेवा. समोर कट रचणारा उभा आहे, ती हसून त्याला पावती देते आणि मागच्या खोलीत त्याचा माल केव्हाच बदललेला आहे. मी लिहायला बसलो असतो तर पूर्ण कथा त्या बाईच्याच तोंडून सांगितली असती.