पुतण्याचा दाखला मुलीला लागू होत नाही

कळव्याच्या एका पालकांचं पत्र, थोडक्यात: मुलीला बारावी कॉमर्सला 76 टक्के. ती लॉ म्हणते. पुतण्या वकील होऊन चार वर्षं झाली, ठाणे कोर्टात तारखा घेत फिरतोय. शिवाय वकिली म्हणजे जुने निकाल शोधून पुढे ठेवणं, ते आता मोबाइलही करतो. तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचं ठरवलंय, तुम्ही तिची समजूत घाला.

समजूत तिची नाही, तुमची घालावी लागेल. तुमच्या दीड पानात पुतण्या सहा वेळा आलाय आणि मुलगी एकदाच, तीही टक्क्यांपुरती. तिला लॉ का करायचंय, हे विचारलंत का? ज्या जुन्या निकालांना नावं ठेवता, तसलाच एक तुम्ही घरात लावून टाकलात: पुतण्याचं जमलं नाही, सबब मुलीचंही जमणार नाही. कोर्टात समोरचा वकील उठून एवढंच म्हणाला असता, "त्या केसचे फॅक्ट्स वेगळे आहेत."

निकाल शोधणं हा यातला सोपा भाग. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. मुंबई हायकोर्टाचा निवाडा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाला पाळावा लागतो. गुजरात हायकोर्टाचा इथे वाचून दाखवायचा, पटला तर पटला. त्यातही अख्खं निकालपत्र बांधत नाही. ज्या कारणावर निकाल उभा आहे तेवढंच बांधतं, त्याला वकील 'रेशो' म्हणतात. न्यायाधीश जाता जाता बोलून गेले ते 'ऑबिटर'. यातलं कुठलं काय, हे कुणी अधोरेखित करून देत नाही, म्हणून तर एकच सायटेशन, म्हणजे दाखला म्हणून दिलेला निकाल, दोन्ही बाजू हातात धरून भांडतात. कधी निकालच कायद्याची जागा भरून काढतो: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल 1997 च्या विशाखा निकालातले नियम 2013 चा कायदा येईपर्यंत चालले.

प्रवेशाचं म्हणाल तर बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्ससाठी राज्याची लॉ सीईटी, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट.

पैशांची तुमची काळजी मात्र खरी आहे. ज्युनिअरची सुरुवातीची वर्षं ओढाताणीचीच. तेव्हा एक दिवस मुलीला घेऊन ठाणे कोर्टात जा, मागच्या बाकावर बसून दोन-चार सुनावण्या ऐका. मग पुतण्याला चहाला बोलवा. सिनिअर हातावर महिन्याला किती टेकवतो, हे तिला त्याच्याच तोंडून कळू दे. तुम्ही मध्ये बोलू नका.