अणूला आठ हा आकडा कसा कळतो?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. सोडिअमच्या बाह्यतम कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या कक्षेत सात असतात, म्हणून अष्टक, म्हणजे बाह्यतम कक्षेतील आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करण्यासाठी सोडिअम इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन तो घेतो, असे मी वर्गात सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘बाई, पण अणूला आठ हा आकडा कसा कळतो?’’ तिला काय उत्तर द्यावे?

उत्तर : त्या मुलीने नेमके मुळावर बोट ठेवले आहे. अणूला आठ हा आकडा कळत नाही, आणि त्याला काही पूर्ण करण्याची इच्छाही नसते. अणूंमध्ये चालते ते धन आणि ऋण प्रभारांचे आकर्षण-प्रतिकर्षण, आणि बंध जुळतो की नाही हे ठरते ऊर्जेच्या जमाखर्चावर.

हा जमाखर्च मांडूनच पाहावा. एक मोल, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम, सोडिअमच्या सुट्या अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायचा, तर ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. सोडिअम तो आपणहून देत नाही. तेवढे इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे दोघांचीही अष्टके पूर्ण झाली, तरी १४७ किलोज्यूलची तूट राहिलीच. शिवाय सोडिअम हा घन धातू आहे आणि क्लोरीन दोन-दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो. त्यांचे अणू सुटे करण्यासाठी आणखी सुमारे २२९ किलोज्यूल लागतात. केवळ अष्टकाच्या बळावर मीठ तयार व्हायचे असते, तर ते कधीच झाले नसते.

ही तूट स्फटिक भरून काढतो. धनप्रभारित सोडिअम आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने प्रभारित झालेले अणू म्हणजे आयन) आणि ऋणप्रभारित क्लोराइड आयन एकमेकांजवळ येतात, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन बसतात, आणि अशी रचना उभी राहताना प्रतिमोल ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळा खर्च वजा जाता ४११ किलोज्यूल शिल्लक उरतात, आणि म्हणूनच मीठ हे इतके स्थिर संयुग आहे. वर्गात भिंग असेल तर घरच्या बारीक मिठाचे चार कण काळ्या कागदावर टाकून मुलांना अवश्य दाखवा. कडा थोड्या झिजलेल्या असल्या तरी बहुतेक कण घनाकृती दिसतील, आणि तो आकार आयनांच्या याच मांडणीतून आलेला असतो.

मग आठ या आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल पुरतात, पण दुसरा काढू गेल्यास ४५६२ किलोज्यूल लागतात, कारण तो केंद्रकाच्या बऱ्याच जवळच्या, भरलेल्या कक्षेतला असतो. एवढा खर्च कोणताही स्फटिक भरून काढत नाही, म्हणून व्यवहार एका इलेक्ट्रॉनवर थांबतो आणि मागे आठ उरतात. आठ हे त्या व्यवहाराचे फलित आहे. आपण मात्र शिकवताना त्यालाच कारण करून टाकतो.

आपल्या परिसरातले उदाहरण हवे असेल, तर बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढल्या जाणाऱ्या अॅल्युमिनाचे, म्हणजे अॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडचे, द्यावे. त्यातील ऑक्सिजनवर दोन इलेक्ट्रॉन अधिक असतात. पहिला स्वीकारताना थोडी ऊर्जा मिळते. परंतु आधीच ऋण झालेल्या अणूवर दुसरा इलेक्ट्रॉन ढकलण्यासाठी प्रतिमोल ७०० किलोज्यूलहून अधिक खर्च येतो. अष्टक पूर्ण करणारा इलेक्ट्रॉनच येथे सर्वांत महाग पडतो, आणि दोन ऋणप्रभारांचा ऑक्सिजन आयन एकटा टिकूही शकत नाही. स्फटिकात तो टिकतो, कारण अॅल्युमिनिअमच्या तीन धनप्रभारांचे आकर्षण प्रचंड असते. हे आकर्षण इतके बळकट असते की अॅल्युमिना वितळायला २००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, आणि त्यातून धातू मिळवण्यासाठी तो वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात विरघळवून त्यातून वीज सोडावी लागते.

सहसंयुज बंधाचेही, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणाऱ्या बंधाचेही, मर्म हेच आहे. हायड्रोजनच्या दोन अणूंचे इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढले जातात, त्यामुळे एकूण ऊर्जा घटते. हा बंध तोडायला प्रतिमोल ४३६ किलोज्यूल द्यावे लागतात. बंध तोडताना ऊर्जा नेहमी द्यावीच लागते, आणि मिळते ती नवे बंध जुळताना. ‘बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि तो तुटला की ती सुटते’ ही समजूत फार पसरलेली आहे, ती याच धड्यात दूर करावी. अष्टकाचा नियम मात्र टाकू नये. १९१६ साली कोसेल आणि लुईस या दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेला हा विचार सूत्रे लिहिण्यासाठी आजही उत्तम उपयोगी पडतो. वर्गात एवढेच वाक्य बदलावे : ‘अष्टक पूर्ण करण्यासाठी’ऐवजी ‘ऊर्जा कमी होते म्हणून’.

प्रश्न : मी बेळगावात उद्यमबागेतील एका फौंड्रीत काम करतो. मिठाच्या खड्यावर हातोडी मारली की भुगा होतो, लोखंडी सळई मात्र वाकते. बंध तर दोन्हीकडे आहेत. आणि बिडाचे कास्टिंग धातूचे असूनही का फुटते?

उत्तर : मिठात धन आणि ऋण आयन आलटून पालटून बसलेले असतात. हातोडीच्या घावाने एखादा थर किंचित सरकला, की सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना दूर लोटतात आणि खडा तेथेच फुटतो. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात, ते साऱ्या अणूंमध्ये वावरतात. त्यामुळे थर सरकले तरी बंध टिकतो आणि सळई वाकते.

बिडात जवळपास तीन-चार टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. या पापुद्र्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तडा तेथून पुढे धावतो. आपल्याकडे एस.जी. आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे बीड) ओतताना रसात मॅग्नेशिअम मिसळतात ते यासाठीच; त्यामुळे ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात थिजते आणि कास्टिंग घाव सोसते.