बिदरीचा हुक्का घ्यायच्या आधी एवढं बघ

भावा, फोटो बघितला. सांगलीत तुला दाखवलेलं ते हुक्क्याचं बूड बिदरीचंच, म्हणजे काळ्या केलेल्या धातूत चांदी जडवायच्या बिदरच्या कामाचंच वाटतंय, पण दुकानदार दोनशे वर्षं जुनं म्हणतोय म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. आधी चुंबक लाव, बिदरीत जस्त जास्त अन् तांबं थोडं, त्यामुळं चुंबक चिकटला तर ते बिदरी नाही, विषय संपला. मग भिंग घेऊन चांदीची कड बघ, खऱ्या कामात चांदी खाचेत ठोकून बसवलेली असते, अन् एखादी पाकळी निखळली असेल तर तिथं रिकामी खाच अन् छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात, मला तर असली जागा सापडली की लय आनंद होतो. काळा रंग नवसागर अन् बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं आणतात, चांदी मात्र पांढरीच राहते. पेंट असेल तर पापुद्रे सुटतात.

काळाचं म्हणशील तर गोल चेंडूसारखं बूड साधारण सतराव्या शतकापासून अठराव्याच्या मध्यापर्यंतचं, घंटेसारखं त्यानंतरचं, पण नुसत्या आकारावर जाऊ नकोस, नक्कल होते. तळाला इंग्रजीत 'इंडिया' ठोकलेलं असेल तर बहुतेक १८९१ नंतरचा एक्सपोर्टचा माल, त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

अन् घेतलंस तर ब्रासो अजिबात लावू नको, काळा रंग गेला की सगळंच गेलं.