गावात पांदणीने शिर

नागपूर, 12 जुलै

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचा बेत, दोन्ही मिळालं. स्ट्रासबर्गला प्रवेश मिळाल्याचं वाचून मी उठून देवापुढे साखर ठेवली. बेत मात्र तीनदा वाचला. सप्टेंबरअखेरचे तीन दिवस, भाड्याची सायकल आणि मार्लेनहाइमपासून थानपर्यंत फ्रान्समधल्या आल्सास प्रांताचा अख्खा द्राक्षमार्ग, 170 किलोमीटर. तुझ्या पायांना ते जमेल, याबद्दल मला शंका नाही. तरी तो बेत मोडायला सांगते आहे.

तो मार्ग 1953 मध्ये आखला गेला, तो मोटारींसाठी. उद्घाटनाला दोन्ही टोकांकडून मोटारीच सुटल्या होत्या. मोटारीने येणाऱ्याला गाव वेशीपाशी सुरू होतं आणि वेशीपाशीच संपतं. मी पहिल्या खेपेला तशीच गेले होते. पर्यटकांची बस, रिक्वीर गावात पन्नास मिनिटं, दुपारचे बारा. रंगवलेली लाकडी चौकटींची घरं पाहिली, 1291 सालचा डोल्डर बुरूज पाहिला, गर्दीत उभी राहून फोटो काढला. काटोलकडच्या संत्राबागेत वाढलेली मी, आणि परतताना त्या गावाची माती काळी की तांबडी हेसुद्धा सांगू शकले नसते. ते मला फार दिवस सलत राहिलं.

दोन वर्षांनी पुन्हा योग आला तेव्हा मी रिबोविलेला मुक्काम केला आणि सकाळी पायी निघाले. रिबोविले ते रिक्वीर अंतर जेमतेम पाच किलोमीटर, मध्ये हुनावीर. आपल्याकडे शेताशेतांतून जाते तशी पांदण आहे, दोन्ही बाजूंना वेलींच्या ओळी. मला पोचायला चार तास लागले. त्या चार तासांत जे कळलं, ते तुला मिळावं म्हणून लिहिते आहे.

तुला भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवलेली ऱ्हाइनची खचदरी आठवते का? एका बाजूला व्होज, दुसऱ्या बाजूला ब्लॅक फॉरेस्ट, दोन्ही गट पर्वत, आणि मधला भाग खाली खचलेला. ती आकृती मी तीस वर्षं काढली, पण ती खरी समजली त्या पांदणीत. जमीन खचताना काठाच्या खडकांचे तुकडे तुकडे झाले, म्हणून तिथे शंभर पावलांवर माती बदलते. इथे चुनखडी, पुढे चिकणमाती, वर ग्रॅनाइटची भरड, कुठे गुलाबी वालुकाश्म. म्हणूनच आल्सासमध्ये 51 शेतजमिनींना ‘ग्रां क्रू’ असा वेगळा दर्जा आहे. तिथे बाटलीवर आधी जमिनीचं नाव बघायचं असतं. सायकलवरून ताशी पंधराच्या वेगाने हा बदल दिसत नाही. पायाखाली मात्र कळतो, बुटांना माती चिकटायला लागते किंवा खडे करकरतात.

पावसाचंही तसंच. तिथला पाऊस आपल्यासारखाच पश्चिमेकडून येतो आणि डोंगरावर रिता होतो. व्होजच्या माथ्यावर वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर, आणि पायथ्याच्या कोलमारला जेमतेम 600. महाबळेश्वर आणि वाई डोळ्यांसमोर आण, की झालं. ती पर्जन्यछाया नसती तर त्या उतारांवर द्राक्षं अशी पिकली नसती. आणि नकाशावर डोंगराची उंची बघून तू थंडीचा विचार सोडू नकोस. व्होजमधलं सर्वांत उंच शिखर ग्रां बालों 1424 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमी. पण खाली ऊन असताना वर धुकं आणि बोचरा वारा असतो. नागपूरकराला उन्हाचं भय असतं, गार वाऱ्याचं नसतं. वाऱ्याला अडवणारं एक पातळ जाकीट पिशवीत राहू दे.

हुनावीरच्या अलीकडे एक म्हातारे शेतकरी ओळीत वाकून काम करत होते. माझं फ्रेंच चार वाक्यांचं, त्यांचं इंग्रजी तितकंच. मी वेलीच्या बुडाशी असलेली गाठ दाखवली आणि हाताने कलमाची खूण केली. ते एकदम ताठ उभे राहिले. मग आम्ही अर्धा तास बोललो, बहुतेक हातांनीच. तुला ठाऊक आहे, आपलं संत्रं जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढवतात, कारण संत्र्याचं स्वतःचं मूळ टिकत नाही. तिथेही तेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि युरोपातल्या द्राक्षबागा बसल्या. उपायही अमेरिकेतूनच आला, तिथल्या कीड सोसणाऱ्या वेलींचा खुंट. आज त्या गावांतली जवळपास प्रत्येक वेल परक्या खुंटावर उभी आहे. मी त्यांना बाग ताणावर सोडणं समजावून सांगायचा प्रयत्न केला. पाणी तोडून झाडाला उपाशी ठेवायचं आणि मग मृगाच्या पावसावर फूल काढायचं, हे त्यांना नवल वाटलं. त्यांच्याकडे बहुतेक बागा पावसावरच असतात.

हे सगळं मुद्दाम सांगते. तू तिथे प्रेक्षक म्हणून जायची गरज नाही. तुझ्या आजोबांच्या बागेत झाडांना डिंक्या रोग लागलेला तू पाहिला आहेस, भाव पडल्यावर घरात काय होतं तेही पाहिलं आहेस. कुठल्याही शेतकऱ्याला यंदा पाऊस कसा झाला, तोडणीला माणसं मिळतात का, मुलं शेती करणार का, हे तीन प्रश्न विचार. फोटो काढणाऱ्या हजार माणसांत असं विचारणारं एखादंच असतं.

म्हणून माझा बेत असा. तीन दिवस एकाच गावी मुक्काम. एक दिवस फक्त पायी, हुनावीर, झेलेनबर्ग, रिक्वीर, बेब्लेनहाइम, मितेलवीर, बेनवीर अशी सहा गावं जोडणारी सुमारे 17 किलोमीटरची द्राक्षवाट. एक दिवस डोंगर. एक दिवस सायकल. गावांच्या नावांतलं हे ‘वीर’ लॅटिनमधून आलं आहे, वस्ती या अर्थाने. आपल्या नावांतली वाडी आणि खेडी समज.

हुनावीरला तटबंदीच्या आत चर्च आहे. एकाच इमारतीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही प्रार्थना करतात. त्याच गावात 1976 मध्ये करकोच्यांसाठी केंद्र सुरू झालं, कारण त्या दशकात आल्सासमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जोड्या उरल्या होत्या. आज तिथे छपराछपरांवर घरटी दिसतात. मला तिथे गोंदियाचे आपले सारस आठवले आणि बराच वेळ पुढे जाववेना.

मितेलवीर आणि बेनवीरला तू धावत जाऊ नकोस. ही गावं तुला नवी वाटतील, घरं साधी, पोस्टकार्डावर न येणारी. ती 1944 च्या डिसेंबरमध्ये लढाईत जमीनदोस्त झाली होती. मितेलवीरला एक भिंत आहे. जर्मन ताब्याच्या काळात तिथल्या लोकांनी तिच्यावर निळी, पांढरी आणि लाल फुलं लावली होती, फ्रान्सच्या झेंड्याच्या रंगांची. 1871, 1918, 1940, 1945, इतक्या वेळा त्या प्रदेशाचा देश बदलला. एकेका आजीच्या आयुष्यात चारदा. रिक्वीर वाचलं म्हणून सुंदर आहे. ही तिन्ही गावं एकाच दिवशी, चालत, लागोपाठ पाहिलीस तरच हे जाणवेल.

डोंगराचं आता नीट वाच. व्होजमधल्या वाटा ‘क्लब व्होजियाँ’ ही 1872 ची संस्था राखते. सुमारे 20 हजार किलोमीटर वाटा, आणि खुणा रंगवणारे स्वयंसेवक. झाडावर रंगीत आकार असतात: आयत, पत्त्यांतली चौकट, फुली, त्रिकोण, गोल. आयत लांब पल्ल्याच्या वाटेचा. फ्रान्सभर ‘जी आर’ म्हणजे लांब पल्ल्याच्या पायवाटांना पांढरा-लाल पट्टा असतो, पण व्होजमध्ये जी आर 5 लाल आयतानेच ओळखायची. मी इथेच चुकले. रिबोविलेच्या वर तीन पडके किल्ले आहेत, सां उल्रिक, गिर्सबेर्ग आणि ओ रिबोपियेर. तासा-दीड तासाची चढण. उतरताना मी रंग पाहिला, आकार पाहिला नाही, आणि भलत्याच दरीत उतरले. ऑक्टोबर होता, रविवार होता, शेवटची बस गेलेली, पाणी संपलेलं. एका घराचं दार वाजवलं, त्यांनी गाडीने सोडलं. तुझ्या वेळी दार उघडणारं कोणी असेलच असं नाही. तेव्हा तिठ्यावर थांबून रंग आणि आकार दोन्ही मोठ्याने म्हणायचे. कागदी नकाशा जवळ हवा, फोनवर विसंबायचं नाही. रविवारच्या बसची वेळ आदल्या दिवशी लिहून घ्यायची. आणि गावातल्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

सायकलच्या दिवशी युरोवेलो 5 या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा तुकडा घे, शांत आहे. लहान पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांतून सायकल नेता येते. तोडणीचे दिवस असतील, ट्रॅक्टरला आधी वाट दे. काही शेतवाटा त्या काळात बंद करतात, तिथे फळी ओलांडून जायचं नाही. आणि घडाला हात लावायचा नाही. आपल्या धुऱ्यावरून जाणाऱ्याने संत्रं तोडलं तर आजोबा काय म्हणाले असते, ते आठव.

वाइनबद्दल तू भीतभीत विचारलं आहेस. मी घेत नाही, आणि त्यामुळे माझं काही अडलं नाही. एका तळघरात त्या घरच्या बाईंनी मला त्याच द्राक्षांचा रस दिला आणि पिंपं दाखवली. तू घेणार असशील तर तुझा निर्णय, तू मोठी आहेस. चव घेऊन थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. सायकलवर मात्र एक घोटही नको. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची मर्यादा सायकलवाल्यालाही मोटारवाल्याइतकीच लागू आहे, लिटरमागे 0.5 ग्रॅम, आणि उतारावर कायद्याच्या आधी तोल जातो. छोट्या शेतकऱ्याकडे चव घेतलीस तर एक तरी बाटली विकत घे. त्याचा वेळ गेलेला असतो. जेवणात तार्त फ्लांबे, म्हणजे पातळ रोटीसारखा तिथला पदार्थ मागशील, तर ‘सां लार्दों’ म्हण, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतील.

आता इथली तयारी. नागपूर सपाट आहे, त्यामुळे तुला अंतराची सवय आहे, चढाची नाही. अंबाझरीच्या फेऱ्या पुरे झाल्या. आठवड्यातून दोनदा सेमिनरी हिल्स चढ-उतर कर, आणि एकदा रामटेकला जाऊन गड पायऱ्यांनी चढ, पाठीवर तेवढंच ओझं घेऊन जेवढं तिथे असेल. उतरताना गुडघे काय म्हणतात ते मला कळव. पंक्चर काढायला शिक, दुकानात उभं राहून नुसतं पाहू नकोस, स्वतःच्या हाताने तीनदा काढ.

या रविवारी पहाटे साडेपाचला फुटाळ्यावर ये. कळमेश्वरच्या पुढे माझ्या ओळखीची एक पांदण आहे, पावसाने चिखल झाला असेल, तिथून बागेपर्यंत सायकल ढकलत जाऊ. मृगाचं फूल आता गळून बारीक फळ धरलं असेल. येताना तर्री पोहे खाऊ. टायरची हवा आदल्या रात्रीच बघून ठेव.

अनेक आशीर्वाद,
तुझ्या बाई