'क्लो द वूझो'मधला 'क्लो' : मळा, वाडी की नुसती भिंत?

एका वाचकाने विचारले आहे की, फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील 'क्लो द वूझो' या प्रसिद्ध वाइनच्या नावात 'क्लो' म्हणजे नेमके काय, त्याचा उच्चार 'क्लोस' करावा का, मराठीत 'वूझोचा द्राक्षमळा' असे भाषांतर चालेल का, आणि त्याच जागी एक 'शातो' (फ्रेंचमध्ये गढी किंवा वाडा) असल्यामुळे हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजावेत का.

उच्चारापासून सुरुवात करतो, कारण ते काम लवकर आटोपते. फ्रेंचमध्ये या शब्दाच्या शेवटचा 'स' मूक आहे, म्हणून 'क्लो' हेच बरोबर. 'क्लोस' हा उच्चार चुकीचा म्हणता येत नाही, पण तो सीमेपलीकडचा आहे. ईशान्य स्पेनमधील कातालान भाषेत हाच शब्द शेवटच्या 'स'सह उच्चारतात आणि तिकडच्या वाइनच्या नावांत तो तसाच ऐकू येतो. 'वूझो'मधील 'झ' मात्र आपल्या 'झाड'मधला नाही. तो 'झेंडा'मधल्या 'झ'ला जवळचा असून, 'श' म्हणताना गळ्यातून घोष काढला तर जो ध्वनी निघेल तसा काहीसा आहे. देवनागरीत त्याला स्वतंत्र अक्षर नसल्याने 'वूझो' या लेखनावर समाधान मानावे लागते.

आता अर्थ. लॅटिनमध्ये बंद करणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यातून फ्रेंचमध्ये आलेले हे भूतकालवाचक विशेषण आहे: क्लो म्हणजे बंद केलेले, बंदिस्त. इंग्रजीतील ओळखीचे 'क्लोज' हे फ्रेंचमधूनच तिकडे गेले. विशेषणाचे नाम झाले तेव्हा अर्थ झाला भिंतीने किंवा कुंपणाने वेढलेली जमीन. या अर्थात द्राक्षे कोठेही नाहीत. आत फळझाडे असली तरी ती जागा क्लोच. द्राक्षांशी या शब्दाची गाठ इतकी पक्की बसली ती बरगंडीतील मठांमुळे.

दिजाँ आणि बोन या शहरांच्या मध्ये, वूझ नावाच्या लहानशा नदीवरून नाव पडलेले वूझो हे गाव आहे. १०९८ मध्ये जवळच सितो येथे एक मठ स्थापन झाला आणि त्याच्याच नावावरून तेथील साधू सिस्टर्सियन म्हणून ओळखले जाऊ लागले. बाराव्या शतकाच्या आरंभापासून या साधूंनी दान आणि खरेदी अशा दोन्ही मार्गांनी येथे तुकड्यातुकड्याने जमीन मिळवली, वेली लावल्या, द्राक्षे चेपण्यासाठी लाकडी दाबयंत्रे आणि वाइन साठवण्यासाठी कोठार उभारले, आणि १३३६ पर्यंत सुमारे ५० हेक्टरांच्या या सलग जमिनीभोवती दगडी भिंत पूर्ण केली. म्हणजे जमीन आधी, भिंत नंतर. पण नाव मिळाले ते भिंतीमुळे.

म्हणूनच 'द्राक्षमळा' या भाषांतराबद्दल मला आक्षेप आहे. मळा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर विहीर, मोट आणि पाट येतात. ओलिताखालची जमीन हा त्या शब्दाचा गाभा आहे. नाशिक-सांगलीकडचे शेतकरी वापरतात तो 'बाग' हा शब्द अधिक रुळलेला असला, तरी 'बागायत'मुळे त्यालाही पाण्याचा वास आहेच. बरगंडीतील वेली मात्र परंपरेने पावसावर जगतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते पीक जिरायती आहे. शिवाय 'मळा' आणि 'बाग' या दोन्ही शब्दांत मूळ शब्दाचा प्राण असलेले बंदिस्तपण उतरत नाही. ते उतरते 'वाडी'त. संस्कृतातील 'वाट' म्हणजे कुंपण आणि कुंपण घातलेली जागा. त्यापासूनच वाटिका, वाडा आणि वाडी हे शब्द आले. कोकणात नारळी-पोफळीची वाडी म्हणतात तेव्हा तिच्याभोवती दगडी गडगा असणे हे गृहीतच असते. भिंत, मग भिंतीच्या आतील जमीन, मग त्या जमिनीतील लागवड हा अर्थप्रवास 'वाडी' आणि 'क्लो' या दोघांनीही एकमेकांना न विचारता केलेला आहे. तेव्हा कंसात अर्थ द्यायचा झाल्यास 'वूझोची वाडी' हे मला सर्वांत जवळचे वाटते. बाटलीचे नाव म्हणून मात्र भाषांतर करू नये, कारण ते विशेषनाम आहे.

शातोचा घोळ खरा आहे, आणि तो बोर्दोमुळे झालेला आहे. नैऋत्य फ्रान्समधील या बोर्दो भागात 'शातो' हा शब्द वाइन तयार करणाऱ्या इस्टेटीसाठी वापरतात, मग तेथे प्रत्यक्ष गढी असो वा नसो. वूझोचा शातो ही खरोखरच इमारत आहे: साधूंच्या जुन्या कोठाराला लागून १५५१ मध्ये मठाधिपती झां ल्वाझिए यांनी बांधवलेला वाडा. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या तातव्हँ बंधुमंडळाकडे तो १९४४ मध्ये आला आणि त्यांचे मेजवानीचे समारंभ तेथेच होतात. तातव्हँ म्हणजे वाइन चाखून पाहण्याची चांदीची उथळ वाटी. या शातोत आज वाइन बनत नाही. थोडक्यात, शातो ही क्लोच्या आत उभी असलेली वास्तू आहे.

'क्लो' हा शब्द भिंतीविषयी बोलतो, आतल्या मालाविषयी किंवा मालकाविषयी नाही, हे लक्षात ठेवले तर बाटलीवरचे नाव वाचणेही सोपे होते. फ्रेंच राज्यक्रांतीत ही जमीन मठाकडून जप्त होऊन विकली गेली, तरी ती अखंड राहिली होती. १८८९ च्या विक्रीत तिचे प्रथमच तुकडे झाले, आणि पुढे वारसा व विक्री यांमुळे ते वाढत गेले. आज या एका भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी आल्या आहेत. जमीनही एकसारखी नाही. वर, शातोच्या बाजूला, माती उथळ व चुनखडीच्या खड्यांची असून पाण्याचा निचरा उत्तम होतो. खाली मोठ्या रस्त्याकडे ती खोल, चिकण आणि ओल धरणारी होत जाते. साधू वरच्या भागाची वाइन पोपसाठी, मधल्या भागाची राजांसाठी आणि खालच्या भागाची स्वतःसाठी ठेवत, अशी आख्यायिका सांगतात. ती इतकी सुबक आहे की मला ती नंतर रचलेली वाटते. पण १९३७ मध्ये या नावाला कायदेशीर दर्जा मिळाला तेव्हा उतारावरील हा फरक बाजूला राहिला आणि भिंतीच्या आतील वेलींची जमीन सर्वोच्च म्हणजे 'ग्रां क्रू' वर्गात गेली. पिनो न्वार द्राक्षांची ही लाल वाइन नवी असताना बरीच तुरट आणि मिटलेली असते, चांगली असेल तर वर्षांनुवर्षे खुलत जाते. परंतु ती चांगली असेल की नाही हे 'क्लो' सांगत नाही, त्याच लेबलावरील उत्पादकाचे नाव सांगते.

सगळेच क्लो असे विभागलेले नाहीत. वूझोच्या उत्तरेला मोरे-सां-दनी गावातील साडेसात हेक्टरांचा 'क्लो द तार' एकाच मालकाचा आहे, आणि अशा जागेला फ्रेंचमध्ये 'मोनोपोल' म्हणतात. शँपेन प्रांतातील 'क्लो द्यू मेनील' तर दोन हेक्टरांहूनही लहान असून तोही एकाच उत्पादकाच्या ताब्यात आहे.

राहिला लिंगाचा प्रश्न, जो वाचकाने विचारलेला नाही पण मराठीत लिहिताना अडतो. फ्रेंचमध्ये जागाही पुल्लिंगी आणि वाइनसाठीचा शब्दही पुल्लिंगी, त्यामुळे तिकडे अडचण येत नाही. मराठीत 'वाइन' स्त्रीलिंगी रुळली आहे. म्हणून जमिनीविषयी लिहिताना 'वूझोचा क्लो' आणि पेयाविषयी लिहिताना 'जुनी क्लो द वूझो' असे लिहावे. दोन्ही एकाच परिच्छेदात आले तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.