ग्रंथी वाढली म्हणजे गाठ आली का?

प्रश्न असा आलाय की वहिनींच्या बायोप्सीच्या रिपोर्टात 'मायक्रोग्लँड्युलर हायपरप्लाजिया' लिहिलंय, कुणीतरी त्याचं मराठी 'गर्भाशयमुखाच्या ग्रंथींची वाढ' असं केलं आणि घरात सगळ्यांनी ते 'पिशवीच्या तोंडाला गाठ' असं ऐकलं, तर बरोबर शब्द कुठला.

घोळ शब्दातच आहे. संस्कृतात ग्रंथी म्हणजे मुळात गाठच, आणि आपला 'गाठ' हा शब्द त्याच ग्रंथीपासून प्राकृतातल्या 'गंठि'वरून आलाय, म्हणजे दोन्ही सख्खे. पुढे शास्त्रीय मराठीत ग्लँडला ग्रंथी ठरलं, पण कानाला अजून गाठच ऐकू येते आणि गाठ म्हटलं की कॅन्सर. इथल्या ग्रंथी म्हणजे तर खरं बघता गर्भाशयमुखाच्या आतल्या अस्तराच्या घड्या, घळी म्हणा हवं तर. त्यांच्यातून चिकट द्राव येतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कधीकधी तिथे बारीक बारीक ग्रंथी दाटीवाटीने वाढतात, हेच ते मायक्रोग्लँड्युलर, आणि मायक्रोस्कोपखाली ती दाटी बघून अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही कधी कॅन्सरची शंका येऊ शकते. पण तो कॅन्सर नाही.

सोनोग्राफीत 'नाबोथियन सिस्ट' लिहून येतं तेही यातलंच भावंड. ग्रंथीचं तोंड वरून बंद होतं, द्राव आत साठतो आणि फुगवटा येतो, बस. मार्टिन नाबोथ या जर्मन माणसाने 1707 मध्ये या फुगवट्यांबद्दल लिहिलं तेव्हा त्याला ती स्त्रीची अंडीच वाटली होती! मराठीत याला 'पाण्याची पिशवी' म्हणू नका प्लीज, कारण आपल्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय, ऐकणारी बाई भलतंच समजेल.

आणि बिनाइनला, म्हणजे कॅन्सर नसलेल्या वाढीला, पुस्तकात 'सौम्य' म्हणतात तो शब्द मला इथे अजिबात पटत नाही. सौम्य ताप म्हणजे ताप असतोच ना, थोडा. तसं 'सौम्य वाढ' ऐकून लोकांना वाटतं कॅन्सर आहे पण कमी आहे. त्यापेक्षा बायका एकमेकींत 'साधी गाठ' म्हणतात ते कितीतरी चांगलं, फक्त इथे गाठही नको. मी वहिनींना असं सांगेन, 'पिशवीच्या तोंडाच्या अस्तरातली साधी वाढ, कॅन्सरची नाही'. लांबलंय, पण ऐकल्यावर झोप लागेल असं आहे. रिपोर्टात त्याच्यापुढे अजून काही लिहिलं असेल तर मात्र तो कागद डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.